विरजणाची वाटी आणि पानाची दारे

खानदेशातल्या बहुतेक घरांत रात्री निजानीज होण्यापूर्वी एक काम न चुकता केले जाते. कोमट दुधात चमचाभर दही घोळून भांडे झाकून ठेवले जाते. इथल्या केळीच्या बागांत वैशाखाच्या दुपारी एक गोष्ट अशीच न चुकता घडते. केळीचे रुंद पान मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंनी खाली कलते. छत्री अर्धवट मिटावी तसे. दोन्ही गोष्टी इतक्या परिचयाच्या आहेत, की त्यांत संशोधन करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रत्यक्षात या दोन विषयांवर जगभरच्या प्रयोगशाळांनी शंभराहून अधिक वर्षे खर्ची घातली आहेत. पानावरची सूक्ष्म छिद्रे तपासणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि दह्याच्या जिवाणूंचे वाण पारखणारा दुग्धशास्त्रज्ञ यांचे विभाग वेगळे, उपकरणे वेगळी, परिभाषाही वेगळी. दोघांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. गेल्या वीस वर्षांत मात्र ती पडली आणि त्यातून शेतीच्या हाती एक नवे अवजार आले. केळीवर आणि दूधदुभत्यावर ज्यांचा संसार चालतो, त्या जळगाव-धुळ्याच्या लोकांनी ही हकिकत समजून घ्यायला हवी.

मी पिंप्राळ्यात राहतो. एकेकाळचे हे खेडे आता जळगाव महापालिकेत सामावून गेले आहे. आषाढी एकादशीचा रथ मात्र इथे अजून निघतो आणि गावपण टिकून असल्याची खूण पटते. ओळखीच्या एका केळी-बागायतदाराजवळ हा विषय काढला, तेव्हा त्याने रोकडा प्रश्न केला, "भाऊ, पानाले भोकं असतात हे समजून मले काय फायदा? मले पानी किती द्यावं ते सांगा." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही तितकेच रोकडे द्यायला हवे.

पानाची दारे

पानाच्या कातडीवर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत, ती शे-दोनशे सहज भरतात. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात. केळीतही तसेच आहे. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही अंगांना दोन रक्षक पेशी असतात. या पेशींत पोटॅशियमचे क्षार शिरले की त्यांच्यामागून पाणी शिरते, पेशी फुगतात, बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट उघडते. क्षार बाहेर पडले की पेशी सैल पडतात आणि फट मिटते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी नि सोडावी, तसा हा प्रकार आहे.

ही फट उघडल्याशिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात येत नाही आणि तो आल्याशिवाय झाडाचे अन्न तयार होत नाही. पण दार उघडले की आतली वाफही बाहेर पडते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शेकडा पंच्याण्णवाहून अधिक पाणी या वाटेने हवेत निघून जाते. थोडक्यात, अन्न हवे असेल तर पाणी घालवावे लागते. झाडाचा सारा जमाखर्च या दारावर लिहिला जातो.

चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दारांवर पाळत ठेवली. पुढे १९११ मध्ये डोरोथिया पर्ट्झ या विदुषीसह त्याने पानातून हवा किती सहज जाते हे मोजणारे उपकरण तयार केले. त्याच जातीची, पण कितीतरी सुधारलेली उपकरणे आज शेतात नेता येतात. १९६०च्या दशकात ॲब्सिसिक आम्ल सापडले आणि पाणी कमी पडलेल्या पानात ते झपाट्याने वाढते, असे दिसून आले. रक्षक पेशींना दार लावून घेण्याचा निरोप हे आम्ल देते. माती वाळू लागली की पान कोमेजण्याच्या आधीच झाड सावध होते, ते यामुळे.

आता त्या बागायतदाराच्या प्रश्नाकडे येऊ. केळीची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि मातीतला ओलावा थोडा घटला तरी हे पीक आपली दारे मिटू लागते. बाग वरून हिरवीगार दिसते. आत मात्र अन्न तयार होणे मंदावलेले असते. ठिबकने थोडे थोडे, पण नियमित पाणी दिल्यावर घड भरतो, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे. केळीभोवती शेवरीची दाट रांग लावण्याची आपल्याकडची जुनी रीतही यातूनच समजते. शेवरी उन्हाळी वारा अडवते, पाने फाटत नाहीत आणि पानाजवळची दमट हवा उडून जात नाही. ज्यांनी ही रीत पाडली त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हते. पण पाहण्याची नजर होती.

विरजणातली सावड

दह्याची हकिकतही अशीच आहे. दूध आंबते ते जिवाणूंमुळे, हे लुई पाश्चर यांच्या कामातून कळले. शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारे जोसेफ लिस्टर यांनी १८७८ मध्ये दूध आंबवणारा जिवाणू इतरांपासून वेगळा करून एकटा वाढवला. १९०५ मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याला आपल्या देशातल्या दह्यात तो प्रसिद्ध दंडाकार जिवाणू दिसला. आज त्याला बल्गेरियाचेच नाव आहे.

या बल्गेरियन जिवाणूचा जोडीदार म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दोघे दुधात एकत्र असले की शेतावर सावड घालावी तसे एकमेकांच्या उपयोगी पडतात. एक दुधातली प्रथिने फोडून दुसऱ्याला पोषण पुरवतो. दुसरा फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड देऊन पहिल्याची वाढ सुकर करतो. दोघे मिळून दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि आम्लता वाढली की दुधातले केसीन धरून बसते. तेच आपले दही.

ही जोडी चाळीस अंशांच्या आसपास जोमात असते. वीस ते तीस अंशांत रमणारे जिवाणू निराळे. घरच्या विरजणात हे सगळे कमीअधिक प्रमाणात नांदत असतात. म्हणून उन्हाळ्यात एकाची सरशी होते, थंडीत दुसऱ्याची. एका घरचे दही गोडसर घट्ट, तर शेजारच्या घरचे आंबट आणि तार सुटणारे. विरजण संपले तर हिरव्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकण्याची युक्ती आपल्या आजीला ठाऊक होती. देठांवरही असे जिवाणू असतात, म्हणून ती युक्ती लागू पडते.

घरचे दही एखाद्या दिवशी बिघडले तर शेजारून वाटी आणता येते. कारखान्यात मात्र हजारो लिटर दूध एका वेळी विरजलेले असते. तिथे ते न लागले तर मोठे नुकसान होते. न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले, की चीजचे विरजण अचानक मरते त्याचे कारण जिवाणूंना लागणारे विषाणू हे आहे. जिवाणूंनाही साथ येते! तेव्हापासून दुग्धशास्त्रज्ञ साथीत टिकणारे वाण शोधत राहिले. शेतकऱ्याने रोगाला दाद न देणारे बियाणे शोधावे, तसेच.

दोन रस्ते मिळाले

या शोधातून २००७ मध्ये एक विलक्षण गोष्ट हाती आली. डॅनिस्को या कंपनीतले रोडॉल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ आणि त्यांचे सहकारी दह्याच्या स्ट्रेप्टोकॉकसवर काम करत होते. विषाणूंच्या हल्ल्यातून जे जिवाणू वाचले, त्यांच्या जनुकीय साहित्यात त्याच विषाणूचा एकेक तुकडा जपून ठेवलेला आढळला. तो तुकडा काढून टाकला की जिवाणू पुन्हा बळी पडे. घातला की वाचे. पोलीस चौकीत सराईत चोराचे छायाचित्र लावून ठेवावे, तशी ही तजवीज होती. अशा पुनरावृत्त तुकड्यांची नोंद जपानमध्ये १९८७ मध्येच झाली होती आणि स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी मिठागरातल्या सूक्ष्मजीवांवर वर्षानुवर्षे काम करून त्यांचा अर्थ सुचवला होता. प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो दह्याच्या जिवाणूत.

हीच क्रिस्पर यंत्रणा. चोराची ओळख पटली की ती त्याच्या जनुकीय धाग्याचा नेमक्या जागी छेद करते. इमान्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये, घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसपासून, म्हणजे दह्यातल्या जिवाणूच्याच एका भाऊबंदापासून, हव्या त्या जागी छेद देणारी कात्री तयार केली. लिथुआनियातले विर्गिनियस शिक्शनिस दह्याच्या जिवाणूवरूनच त्या सुमारास तिथवर पोहोचले होते. शार्पेंटिए आणि डाउडना यांना २०२०चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही कात्री पानाच्या दारापर्यंत कशी आली, ते पाहा. भाताच्या पर्णरंध्रांवर ताबा ठेवणारे डीएसटी नावाचे एक जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ओळखले. ते निकामी झाले की रंध्रे अधिक मिटतात आणि झाड दुष्काळ व क्षार बऱ्यापैकी सोसते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एमटीयू १०१० या लोकप्रिय भाताच्या वाणात क्रिस्परच्या कात्रीने हे जनुक निकामी केले. नव्या झाडांची पाने रुंद होती, त्यांवर रंध्रे कमी होती आणि पाणी अधिक टिकत होते. या कामाची पुढची पायरी म्हणजे 'पुसा डीएसटी राइस १' हा वाण. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या जनुक-संपादित भाताच्या दोन वाणांपैकी तो एक. दही नीट लागावे म्हणून सुरू झालेला शोध असा भाताच्या पानावरचे दार बदलण्यापर्यंत येऊन पोहोचला.

या वाणांवर आक्षेप घेणाऱ्या संघटना आहेत. चाचण्यांच्या आकड्यांविषयी, परदेशी पेटंटांविषयी आणि २०२२ मध्ये अशा वाणांना दिलेल्या नियमांच्या सवलतीविषयी त्यांनी प्रश्न विचारले आहेत. ते प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि त्यांची उत्तरे उघडपणे मिळाली पाहिजेत. माझा मुद्दा मात्र त्याच्या अलीकडचा आहे.

दिल्लीचे उत्तर, जळगावचे ऊन

दार कमी केले की पाणी वाचते, हे खरे. पण वाफ बाहेर पडते तेव्हा पान थंडही होते. माठातले पाणी गार होते त्याच नियमाने. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात पिमा जातीच्या कापसाचे वाण अनेक दशके केवळ उत्पन्नावर निवडले गेले. १९९०च्या दशकात तपासणी झाली तेव्हा दिसले, की नव्या, भरघोस वाणांची रंध्रे जुन्यांपेक्षा अधिक उघडी राहतात आणि त्यांची पाने थंड असतात. पाणी पुरेसे असेल आणि ऊन कडक असेल, तर उघडे दार फायद्याचे ठरले. निवड करणाऱ्यांनी रंध्रांकडे पाहिलेही नव्हते. ती निवड उन्हाने करून घेतली.

मग खानदेशासाठी कोणते दार चांगले? मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झुकतो, तेव्हा ठिबकवरच्या केळीला मिटलेले दार हवे की उघडे? रावेर-यावलकडे पाण्यासाठी कूपनलिका खोल खोल न्याव्या लागत आहेत. तिथे आणि कोरडवाहू कापसाच्या शेतात एकच उत्तर चालेल काय? हे दिल्लीच्या हरितगृहात ठरणार नाही आणि ॲरिझोनातही नाही. इथल्याच बागेत, इथल्याच उन्हात, पहाटेपासून सांजेपर्यंत पान मोजल्यावर ते ठरेल. केळीच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचे आहे. आपल्या केळीला बी धरत नाही, त्यामुळे संकर करून नवा वाण काढणे फार अवघड जाते. मोहालीच्या राष्ट्रीय संस्थेत ग्रँड नैन केळीवर ही कात्री चालवून पाहिली गेली आहे. उद्या कोणी केळीचे दार बदललेच, तर ते आपल्या उपयोगाचे आहे की नाही हे सांगणारी मोजमापे आपल्यापाशी असायला हवीत. नाहीतर पाकिटावर छापले असेल तेवढेच आपल्याला कळेल.

विरजणाचेही तसेच. पिशवीतले दही चांगले असते, रोज सारखे लागते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ते मोजक्या, निवडलेल्या वाणांवर लागते. घरोघरी पिशवी आली की घरची वाटी बंद होते आणि तिच्यातले वाण त्या घरातून नाहीसे होतात. चाळीसच्या वर पारा असलेल्या खोलीत पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेल्या या जिवाणूंमध्ये काय गुण आहेत, त्यांनी कोणत्या साथी पचवल्या आहेत, हे ते असतील तोवरच पाहता येईल. क्रिस्परचा धागा अशाच एका साथीतून वाचलेल्या जिवाणूने हाती दिला होता.

हे वाण जपण्याची सोय आपल्या देशात आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दुग्ध-जिवाणूंचा संग्रह आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासूनचा आहे आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचाही मोठा संग्रह आहे. गोठवून वाळवलेला जिवाणू काचेच्या कुपीत वर्षानुवर्षे जिवंत राहतो. कुपी आहे, कपाट आहे. वाटी घेऊन तिथपर्यंत जाणारा माणूस हवा.

दुधाची आणि पानाची विदुषी

दूध आणि वनस्पती या दोहोंत हात घातलेली एक विदुषी मराठी घरातच होऊन गेली. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. तिथे त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाशी निगडित प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले आणि आरेच्या दूध प्रकल्पाला दूध टिकवण्याबाबत सल्ला दिला. बटाट्याच्या पेशीत दिसणारे प्रथिन आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीतले दूध यांत त्यांना उच्चनीच वाटले नाही.

आज मुलींना कोणी दारातून परत पाठवत नाही. अडचण निराळी आहे. अनेक शाळा-महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक कपाटात असतो आणि कपाटाला कुलूप असते. प्रयोग वहीत होतात. आकृती गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरते. पर्णरंध्राची सुबक आकृती काढणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असते?

ते पाहायला फारसे काही लागतही नाही. जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला नखांना लावायच्या रंगाचा, शक्यतो बिनरंगी, पातळ थर द्यावा. वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने तो अलगद उचलावा आणि काचपट्टीवर चिकटवून शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. शेकडो रंध्रांचे ठसे दिसतात. पहाटेचा एक ठसा, भर दुपारचा एक आणि पाणी तोडलेल्या कुंडीतला एक असे तीन घेतले, तर झाडाने दिवसभरात दारे कशी सांभाळली याची कल्पना येते. दह्याचा प्रयोग याहून सोपा. चार घरची चार विरजणे एकाच दुधाला, एकाच वेळी लावावीत आणि दही किती तासांत लागले, चव कशी, पाणी किती सुटले याची नोंद ठेवावी. कुटुंबाने मिळून करण्याजोगे रविवारचे हे काम आहे.

त्यापुढचे काम मात्र संस्थांचे आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली विरजणे गावोगाव जाऊन गोळा करणे, त्यांतले वाण वेगळे करणे, त्यांची नावानिशी नोंद करून कुप्या पुण्याला वा कर्नालला ठेवणे, आणि केळी व कापूस यांच्या पर्णरंध्रांचे वर्षभराचे मोजमाप ठेवणे, यांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुरून उरेल इतके काम आहे. याला फार मोठा पैसा लागत नाही. चिकाटी लागते आणि 'याचा उपयोग काय' या प्रश्नाला थोडी वर्षे थांबवून ठेवण्याची तयारी लागते. डार्विनचा मुलगा आणि न्यूझीलंडमधले चीजवाले यांनाही आपले काम भाताच्या शेतात जाऊन मिळेल याची कल्पना नव्हती.

उत्तर महाराष्ट्रासाठी १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. आसोद्याची ही लेक शाळेत गेली नव्हती. शेत, पान, पाखरू आणि चूल यांच्याकडे तिने जितके बारकाईने पाहिले, तितके भल्याभल्या पंडितांना साधले नाही. तिचे नाव ज्या दारावर लिहिले आहे, त्या दाराआड इथल्या पानाचा आणि इथल्या विरजणाचा अभ्यास रोज चालावा, ही अपेक्षा काही जास्त नाही.